वंध्यत्व आणि प्रजनन-हार्मोन्सची डॉक्टरी: ही शाखा निवडण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं फक्त वंध्यत्व आणि हार्मोन्सचंच काम करते. इंटर्न, रेसिडेंट, बीएस्सी करणारी मुलं आणि कधीकधी त्यांचे आईवडील फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी माझी मतंही येतील.

ही शाखा म्हणजे आयव्हीएफच ना?

नाही. आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर फलन करून भ्रूण गर्भाशयात ठेवणं, आणि ते या शाखेतलं एकच काम. हा गैरसमज घेऊनच कुणी आलं तर वर्षभरात हिरमोड होतो.

माझी एखादी शनिवारची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. सोळा वर्षांची मुलगी, पाळी आलेलीच नाही. आई आधी दार लावून घेते, मगच बोलायला लागते. तिच्यानंतर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची मुलगी. तिला मूल नकोय, तिचं लग्नही झालेलं नाही. हनुवटीवरचे केस आणि चार-चार महिने न येणारी पाळी, यांनी ती बेजार झाली आहे. मग एक नवरा-बायको, नवऱ्याच्या वीर्यतपासणीत एकही शुक्राणू नाही. मग स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेली तरुण बाई. केमो सुरू होण्याआधी तिची स्त्रीबीजं गोठवायची आहेत आणि हातात दोन-अडीच आठवडेच आहेत. शेवटी छत्तीस वर्षांची शेतमजूर बाई. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय तिशीतच काढलेले, रात्री घामाने अंथरूण भिजतं, गुडघे-कंबर दुखतात. तिला हे का होतंय, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

यातल्या एकीलाही त्या दिवशी आयव्हीएफ लागत नाही. शेवटच्या बाईसाठी मी मुद्दाम थांबते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी राज्यभर गाजली. चर्चा झाली ती शस्त्रक्रियेची. पण अंडाशय गेले की इस्ट्रोजेन जातं, आणि त्याबरोबर हाडांची ताकद, झोप, हृदयाचं संरक्षण. त्या बायकांना पुढची वीस-पंचवीस वर्षं हार्मोन्स समजणारा डॉक्टर लागणार आहे. तो डॉक्टर म्हणजे तुम्हीच.

एमबीबीएसनंतर किती वर्षं लागतात?

एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. मग नीट-पीजी, आणि स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एमएस, एमडी किंवा डीएनबी, तीन वर्षं. सरकारी कॉलेजमधून शिकलात तर महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर आणि पीजीनंतरही वर्षभराची बंधपत्रित सेवा असते. ती धरूनच हिशेब करा. त्यापुढे खास प्रजननशास्त्राचं शिक्षण एक ते तीन वर्षांचं.

सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी तिशी ओलांडते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. "अजून शिकतेच आहेस?" हा प्रश्न दर दिवाळीला येतो.

एफएनबी, डीएम, एमसीएच की खासगी फेलोशिप? काय घ्यावं?

मिळत असेल तर राष्ट्रीय पातळीवरची मान्यताप्राप्त जागा घ्या. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एफएनबी ही फेलोशिप दोन वर्षांची आहे. डीएम आणि एमसीएच या अतिविशेष पदव्यांच्या जागा तीन वर्षांच्या आणि देशभरात मिळून मोजक्याच; एम्स दिल्ली, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही त्यातली नावं. जागा इतक्या कमी आहेत की मिळाली नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका. पुष्कळ चांगले लोक विद्यापीठाच्या किंवा एखाद्या केंद्राच्या फेलोशिपमधूनच घडले आहेत.

खासगी फेलोशिप घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. मी स्वतः यात पोळले आहे. रेसिडेन्सी संपल्यावर एका केंद्रात वर्षभराची फेलोशिप घेतली, फी भरून. पहिले आठ महिने मी फाइली लिहिल्या, इंजेक्शनांचे तक्ते भरले आणि सोनोग्राफीच्या प्रोबवर कव्हर चढवून दिलं. पिकअपची, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीजं काढण्याची, सुई हातात आली ती नवव्या महिन्यात, तीही दोन वेळा. प्रमाणपत्र मात्र सुरेख छापलेलं मिळालं. खरं शिकले ते त्यानंतर दुसऱ्या ठिकाणी, कमी पगारावर, एका सरांच्या हाताखाली. ते प्रत्येक केसला "तू कर, मी बघतो" म्हणायचे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझ्या स्वतःच्या हाताने किती पिकअप आणि किती ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात ठेवणं) होतील? लॅबमध्ये उभं राहायला मिळेल का? आधीच्या फेलोंचे फोन नंबर द्याल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचरला तर उत्तर मिळालं असं समजा. आणि जे कबूल करतील ते लेखी घ्या.

मला हार्मोन्स आवडतात, पण लेबर रूम आणि शस्त्रक्रिया नाही. मग?

मग एमडी मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स करून डीएम एंडोक्रायनॉलॉजीकडे जा. टर्नर आणि कॉलमन सिंड्रोम यांसारखे जन्मजात आजार, उशिरा वयात येणारी मुलं-मुली, प्रोलॅक्टिनच्या गाठी, थायरॉइड, अ‍ॅड्रिनलचे आजार हे सगळं तिथे जास्त खोलात शिकायला मिळतं. आयव्हीएफची सुई हातात येणार नाही, एवढंच. चांगल्या वंध्यत्वतज्ज्ञाला असा एक एंडोक्रायनॉलॉजिस्ट मित्र लागतोच. आठवड्यातून एकदा तरी मी अशा मित्राला फोन लावते.

2021 च्या कायद्याने आमच्या करिअरवर काय परिणाम होतो?

फार होतो, आणि बहुतांशी चांगला. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आणि सरोगसी कायदा हे दोन्ही 2021 चे, लागू झाले 25 जानेवारी 2022 पासून. त्याआधी कुणीही पाटी लावावी असा प्रकार होता. आता पहिल्या पातळीचं क्लिनिक म्हणजे आययूआयपर्यंतचं (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्यापर्यंतचं) काम, दुसऱ्या पातळीचं म्हणजे आयव्हीएफ, इक्सी (स्त्रीबीजात सुईने एक शुक्राणू सोडणं) वगैरे. नोंदणी सक्तीची, मुदत 5 वर्षांची. दुसऱ्या पातळीवर काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञासाठी नियमांत पात्रता ठरवून दिली आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली 50 पिकअप केल्याची नोंद, हा त्यातला एक मार्ग. म्हणून फेलोशिपच्या पहिल्या दिवसापासून लॉगबुक ठेवा. तारीख, केस, सही. नंतर सह्या गोळा करत फिरणं फार अवघड जातं.

स्त्रीबीज देणाऱ्या बाईचं वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच दान, आणि 7 पेक्षा जास्त स्त्रीबीजं काढायची नाहीत, हेही कायद्यातच आहे. यावरून केंद्रचालक कुरकुर करतात. माझं मत वेगळं आहे. गरीब घरातल्या बायका दर दोन-तीन महिन्यांनी इंजेक्शनं घेऊन दान करताना मी पाहिल्या आहेत. त्यांच्या अंडाशयाला कुणीतरी पहारा द्यायलाच हवा होता.

मी बीएस्सी करतोय. भ्रूणतज्ज्ञ होता येईल का?

होता येईल, आणि या शाखेतली मला सर्वांत जास्त आदर वाटणारी माणसं भ्रूणतज्ज्ञच आहेत. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांपैकी काही केलं असेल तर क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीमध्ये पूर्णवेळ एमएस्सी करा. मणिपालचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला आहे. त्यानंतर काही वर्षं लॅबचा अनुभव घेतल्याशिवाय स्वतंत्र जबाबदारी मिळत नाही, मिळूही नये. तीन आठवड्यांच्या "हँड्स-ऑन" कोर्सवर भ्रूणतज्ज्ञ होता येईल असं कुणी सांगितलं तर तिथून निघा.

कामाचा एक दिवस सांगते. ऑपरेशन थिएटर आणि लॅब यांच्यामध्ये एक छोटी खिडकी असते. मी इकडून फॉलिकलमधलं, म्हणजे अंडाशयातल्या बीजाच्या पिशवीतलं, पाणी ओढते, नळी गरम ब्लॉकमधून खिडकीपलीकडे जाते, तिकडे अंधुक उजेडात भ्रूणतज्ज्ञ ते पाणी डिशमध्ये ओतून मायक्रोस्कोपखाली बघते. स्त्रीबीज एकटं दिसत नाही. त्याच्याभोवती पेशींचा ढग असतो, पारदर्शक आणि चिकट, आणि त्या ढगात मध्ये एक ठिपका. "मिळालं!" असा आवाज खिडकीतून येतो. टेबलावरची बाई भुलीत असते, पण आम्हा सगळ्यांचे खांदे सैल होतात.

मग दुपारी इक्सी. दुसऱ्या दिवशी, सोळा ते अठरा तासांनी, फलन झालं का ते बघायचं: पेशीत शेजारी शेजारी दोन गोल केंद्रकं दिसली पाहिजेत. ही वेळ चुकली की केंद्रकं विरून जातात आणि काय झालं होतं ते कळत नाही. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात ठेवण्याजोगं वाढलेलं भ्रूण. गोठवायचं असेल तर उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. लॅबमध्ये अत्तर नाही, नेलपॉलिश नाही, गजरा तर नाहीच, कारण हवेतली रसायनं भ्रूणाला सोसत नाहीत.

आणि नावं! एकाच सकाळी दोन पाटील, दोघींचं पहिलं नावही सारखं, असं आमच्याकडे झालं आहे. दोन माणसांनी नवऱ्याच्या नावासकट, जन्मतारखेसकट मोठ्याने वाचल्याशिवाय एकही डिश हलत नाही. हे रोज, कंटाळा न करता, पाचशेव्या वेळीही पहिल्या वेळेइतक्याच काळजीने करणारा माणूस असेल तरच त्याने या कामात यावं.

बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेल्यांना जागा आहे का?

पिकअप, ट्रान्सफर ही कामं कायद्याने करता येत नाहीत. पेशंटचा पाठपुरावा, समन्वय, आहार-वजनाचं मार्गदर्शन यांत चांगली कामं करणारे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. फक्त स्वतःला "आयव्हीएफ स्पेशालिस्ट" म्हणवून घेऊ नका.

मी पुरुष आहे. पेशंट येतील का?

येतील. खोलीत नर्स किंवा आया हवीच, आणि प्रत्येक तपासणीआधी काय करणार ते सांगून परवानगी घ्यायची. ते तर आम्ही बायकांनीही करायचं असतं. उलट एक फायदा आहे. नवरे पुरुष डॉक्टरशी लवकर मोकळे होतात, आणि या शाखेत नवऱ्याला बोलतं करणं फार मोलाचं आहे.

तालुक्याच्या गावात हे काम होतं का, की पुण्या-मुंबईतच?

तालुक्यात तर जास्त गरज आहे. एक जोडपं सांगते, खुणा बदलून. लग्नाला नऊ वर्षं. बाईची फाइल दोन इंच जाड. दोनदा लॅप्रोस्कोपी, तीनदा क्युरेटिंग (गर्भाशयाचं अस्तर खरवडणं), रक्ताच्या तपासण्यांची चळत, बाबा-बुवा वेगळेच. गावात कुणाच्याही डोहाळजेवणाला तिला बोलावत नाहीत. बोलावलं तर ओटी भरायला पुढे होऊ देत नाहीत. मी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली आणि विचारलं, "यांची वीर्यतपासणी?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. नऊ वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. केली, तर शुक्राणू शून्य.

काहीशे रुपयांची तपासणी. ती पहिल्या महिन्यात झाली असती तर त्या बाईच्या पोटावर एकही व्रण आला नसता. हे सांगायला आयव्हीएफ लॅब लागत नाही.

तालुक्यात पहिल्या पातळीचं क्लिनिक नोंदवून नीट चालवलं तर बीज फुटण्याची औषधं, आययूआय, थायरॉइड-प्रोलॅक्टिनचे उपचार, जननमार्गाच्या क्षयाचा संशय वेळेत घेणं, पीसीओएसच्या मुलींचं वजन आणि साखर सांभाळणं, हे सगळं होतं. क्षयाचं विशेष लक्षात ठेवा. आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे अनेकदा तो असतो, आणि बाईला ना खोकला ना ताप. ज्यांना खरोखर आयव्हीएफ लागेल त्यांना शहरात पाठवा, आणि वय वाढण्याआधी पाठवा. पस्तिशीपुढच्या बाईला वर्षभर थांबवायचं नसतं. सहा महिन्यांत तपासण्या सुरू व्हायला हव्यात.

यश किती येतं? आणि अपयश सोसतं का?

करिअर म्हणून विचार करताना हाच खरा प्रश्न आहे.

पस्तिशीच्या आतल्या बाईचं चांगलं भ्रूण ठेवलं तरी दर ट्रान्सफरमागे बाळ घरी येण्याचं प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास किंवा त्याखालीच राहतं. त्रेचाळिशीत स्वतःच्या स्त्रीबीजांनी ते एकअंकी टक्क्यांवर येतं. म्हणजे कितीही हुशार असलात तरी तुम्ही आयुष्यभर पुष्कळ लोकांना "नाही" सांगणार आहात.

गर्भ राहिला का ते सांगणारा बीटा एचसीजीचा रिपोर्ट दुपारी तीनच्या सुमारास येतो. आमच्याकडे नियम आहे: नकारार्थी रिपोर्टचा फोन डॉक्टरनेच करायचा, रिसेप्शनने नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर कधीच नाही. फोन उचलला जातो तो पहिल्याच रिंगला. सकाळपासून मोबाइल हातात धरून बसलेली असते ती. माझा "हॅलो" ऐकूनच तिला कळतं. मग काही वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येतो. त्या शांततेत घाईने "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचं नाही, कारण नक्की काहीच नसतं. थांबायचं. ती बोलेल. तिने दहा मिनिटं घेतली तर दहा मिनिटं.

हे जमणार असेल तर या. भ्रूणाचा फोटो हातात देण्याचा आनंद मोठा आहेच, पण त्याच्यासाठी म्हणून या शाखेत येणारे फार टिकत नाहीत. पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं ऐकून घेण्याची आणि "तुम्हाला आयव्हीएफची गरज नाही" किंवा "आता थांबू या" असं सांगण्याची ज्यांची तयारी असते, ते टिकतात.

पैसा चांगला आहे म्हणतात. खरं का?

पुढे जाऊन आहे. सुरुवातीची वर्षं मात्र सोबतचे रेसिडेंट प्रसूतिगृह टाकून स्थिरावलेले असतात आणि तुम्ही अजून स्टायपेंडवर असता. मोठ्या साखळी केंद्रांत पगार बरा मिळतो, पण महिन्याला आयव्हीएफच्या इतक्या सायकल, म्हणजे उपचाराच्या फेऱ्या, झाल्याच पाहिजेत असा तगादा असू शकतो. मुलाखतीतच विचारा. ज्या ठिकाणी डॉक्टरच्या पगाराचा भाग सायकलींच्या आकड्याला बांधलेला असतो, तिथे एखाद्या जोडप्याला "अजून सहा महिने घरीच प्रयत्न करा" म्हणणं जड जातं. मी अशी नोकरी सोडली आहे.

सरकारी दवाखान्यात हे काम होतं का?

या देशात ते रुजलं तेच तिथे. परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात, 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. आनंद कुमार परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे. ही देशातली पहिली मानली गेली. पण कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याआधीच, 3 ऑक्टोबर 1978 ला, हे साधलं होतं, तेही गोठवलेलं भ्रूण वापरून. सरकारी समितीने त्यांचं म्हणणं फेटाळलं, त्यांना त्रास दिला, आणि 1981 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे 1997 मध्ये त्यांचे कागद अभ्यासून "पहिले ते होते" असं जाहीरपणे सांगितलं ते आनंद कुमार यांनीच. स्वतःच्या नावावरचा मान स्वतःहून दुसऱ्याला देणारा असा शास्त्रज्ञ आपल्या परळमध्ये काम करत होता, हे प्रत्येक रेसिडेंटला ठाऊक असावं.

आज सरकारी क्षेत्रात जागा कमी आहेत, पण वाढताहेत. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) सरकारी खर्चाने आयव्हीएफ सुरू झालं आहे. असं प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात व्हावं असं मला मनापासून वाटतं.

कुटुंब "मुलगाच द्या" म्हणालं तर?

स्पष्ट नाही म्हणायचं, पहिल्याच वाक्यात. लिंगनिवड हा गुन्हा आहे, भ्रूण ठेवण्याआधीची सुद्धा. सासू रडेल, कुणी ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन लावून देईल. नाही म्हणजे नाही.

शिकलेलं किती दिवस पुरतं?

पुरत नाही. लेट्रोझोलचंच बघा. बीज तयार करण्याच्या या गोळीवर भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी बंदी आली. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पीसीओएसच्या बायकांमध्ये क्लोमिफीन या जुन्या गोळीपेक्षा तिने जास्त बाळं घरी आणल्याचं दिसलं. 2017 मध्ये बंदी उठली, आणि आज पीसीओएसमध्ये आम्ही पहिल्यांदा तीच लिहितो. माझ्या रेसिडेन्सीतल्या वहीत क्लोमिफीनखाली दोन रेघा आहेत.

सुट्टी मिळते का?

स्त्रीबीजं पिकवणारं ट्रिगरचं इंजेक्शन रात्री साडेनऊला दिलं की पिकअप परवा सकाळी साडेआठ-नऊलाच. तो रविवार असो की लक्ष्मीपूजन. अंडाशयाला पंचांग कळत नाही. मात्र प्रसूतीसारखं रात्री तीनला उठावं लागत नाही, हे माझ्या घरच्यांना आवडलं.

मी मुलगी आहे. शिकता शिकता माझंच वय निघून जाईल, त्याचं काय?

हा प्रश्न मुली दबक्या आवाजात विचारतात. ज्या वयात स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत घसरते ते पेशंटला आकृती काढून समजावत असताना आमची स्वतःची तीच वर्षं हॉस्टेलवर जात असतात. मी दोन सहकारी अशा पाहिल्या, ज्या पुढे माझ्याच टेबलावर पेशंट म्हणून आल्या. मूल हवं असेल आणि जोडीदार असेल तर "फेलोशिप झाल्यावर बघू" असं आपोआप ठरू देऊ नका. बसून बोला, ठरवा. बाळंतपणाची रजा मागताना अपराधी वाटून घेऊ नका. या शाखेच्या विभागप्रमुखांनी तरी ती हसत द्यायला हवी. मूल नकोच असेल, तर तेही तुमचं तुम्हीच ठरवायचं.

परदेशात जायचं असेल तर?

अमेरिकेत पुन्हा रेसिडेन्सी चार वर्षं आणि त्यावर तीन वर्षांची फेलोशिप. इंग्लंडला एमआरसीओजी या तिथल्या स्त्रीरोग परीक्षेच्या वाटेने. भ्रूणतज्ज्ञांना आखाती देशांत मागणी असते. पण हात इथे जितका चालतो तितका सुरुवातीच्या वर्षांत बाहेर चालत नाही, हे लक्षात घेऊन वेळ ठरवा.

मी आत्ता इंटर्न आहे. उद्यापासून काय करू?

गायनॅकच्या ओपीडीत वंध्यत्वाचा दिवस कोणता ते विचारा आणि त्या दिवशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसा. दहा जोडप्यांची हकीकत स्वतः लिहून घ्या: पाळीच्या तारखा, आधीचे उपचार, आजवरचा खर्च. नवरा बाहेर बाकावर बसला असेल तर जाऊन त्याला आत बोलवा, खुर्ची द्या. मग पॅथॉलॉजीत जाऊन वीर्याचा एक नमुना स्वतः मायक्रोस्कोपखाली मोजायला शिका. तंत्रज्ञ सहसा आनंदाने शिकवतात. त्यांना कुणी विचारतच नाही. दुपारी दोननंतर जा, सकाळी त्यांना मान वर करायला वेळ नसतो.